कापण्यापूर्वी तबकडीवरचा क्रमांक वाचावा

काळ्या तबकडीतून कोरलेला तानपुरा, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा किंवा एखाद्या गायकाचा चेहरा. मध्यभागी जसेच्या तसे राखलेले जुने लेबल आणि भोवती लाकडी चौकट. जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डमधून घडवलेली ही हस्तकला देखणी असते, यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की कापली ती तबकडी कोणती होती? या थ्रेडचा विषय तोच आहे.

आधी पदार्थ समजून घ्यावा. १९०२ साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तेव्हापासून पुढची पन्नासहून अधिक वर्षे भारतीय तबकडी प्रामुख्याने लाखेचीच होती. चपडा लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचे ते मिश्रण. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. ही तबकडी काचेसारखी तडकते. तिच्यावर करवत चालवली तर हाती तुकडेच येतात. कोरीवकामाला चालते ती नंतरची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी व्हिनाइलची एलपी. ऊब मिळाली की ती मऊ होते आणि पात्याला हवे तसे वळण देते. (लेझरने मात्र ती कापू नये. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते जळले की हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो.)

म्हणजे अब्दुल करीम खाँ किंवा तरुण बालगंधर्व यांच्या मूळ तबकड्या कात्रीतून सुटल्या, असे वाटेल. सुटल्या खऱ्या, पण माळ्यावरची धूळ, घर बदलताना होणारी आदळआपट आणि भंगारवाला यांतून त्या सुटलेल्या नाहीत.

ध्वनीपेक्षा पदार्थाला अधिक मोल आल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली. लाख मुख्यतः भारतातून जाई आणि युद्धसामग्रीलाही ती लागे. १९४२ मध्ये अमेरिकेने तबकड्यांसाठीच्या लाखेच्या वापरावर कडक मर्यादा घातली. नवी रेकॉर्ड हवी तर जुनी परत करा, असे दुकानदार सांगू लागले. परत आलेले गाणे वितळवले गेले. उलट युद्धानंतरच्या सोव्हिएत रशियात बंदी असलेले संगीत लोकांनी रुग्णालयांतून टाकून दिलेल्या एक्स-रे फिल्मवर उतरवले. तिथेही फिल्म कात्रीनेच गोल कापत. फरक इतकाच, की त्या कात्रीने ध्वनी जन्माला येत होता.

एलपीच्या एका बाजूवर सलग एकच खाच असते. ती उलगडली तर सुमारे अर्धा किलोमीटर भरेल. चित्र कितीही नाजूक असो, ही खाच एका ठिकाणी तुटली की सुई पुढे जात नाही.

आवाज नसणे म्हणजे काय, हे पुण्याला चांगले ठाऊक असायला हवे. १९११ साली याच शहरात भारत गायन समाजाची स्थापना करणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. ग्रामोफोन देशात येऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. तरीही बुवांच्या गाण्याची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. मास्टर कृष्णराव आणि बालगंधर्व या शिष्यांच्या गायनातून त्यांच्या शैलीचा अदमास घ्यायचा, एवढेच उरले आहे.

या पार्श्वभूमीवर सगळ्या तबकड्यांचा सरसकट कैवार घेणेही भाबडेपणाचे ठरेल. गाजलेल्या हिंदी चित्रपटांच्या एलपी प्रचंड संख्येने निघाल्या. ती गाणी आज कोणाच्याही फोनवर आहेत. ओरखडे पडून निकामी झालेली अशी एक प्रत चौकटीत गेली तर इतिहासाचे काही बिघडत नाही. भंगारापेक्षा भिंत बरी. धोका आहे तो कमी खपलेल्या मालाला. मराठी नाट्यप्रवेश, पोवाडे, लावण्या, बालगीते यांच्या सात इंची छोट्या रेकॉर्ड, ज्यांतल्या कित्येक पुढे कॅसेटवरही आल्या नाहीत. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी येणाऱ्या ढिगात या दोन्ही प्रकारांना बहुधा एकच भाव असतो, आणि कारागिराला तर दोन्ही सारख्याच काळ्या दिसतात.

फरक सांगतो तो लेबलावरचा क्रमांक आणि लेबलालगतच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मुद्रणक्रमांक. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाने अशाच तपशिलांच्या आधारे विस्मृतीत गेलेल्या कंपन्यांचा आणि कलावंतांचा मागोवा घेतला. लेबल शोभेसाठी राखून खाच कापून टाकणाऱ्या चित्रात हा पुरावा अर्धाच उरतो: काय मुद्रित झाले होते ते वाचता येते, ऐकता येत नाही.

म्हणून जबाबदारी विकत घेणाऱ्यावरही येते. चौकट घेताना विक्रेत्याला विचारावे: मूळ रेकॉर्ड कोणती, ती वाजत होती का, कापण्यापूर्वी कोणी ऐकली का? एलपीच्या दोन्ही बाजू संगणकावर उतरवून घ्यायला साधारण पाऊण तास पुरतो, आणि चौकटीच्या पाठीमागे क्रमांक लिहायला एक मिनिट.