विश्लेषण : ‘पित्ता’ची गोळी सुरू कधी करायची हे ठरते, बंद कधी करायची?

सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी एक गोळी आणि मग चहा, हा अनेक घरांतला रोजचा क्रम झाला आहे. डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी लिहून दिलेले पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल पुढे वर्षानुवर्षे सुरू राहते. औषध चांगले आहे, पण ते थांबवायचे कधी, हे अनेकदा कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

जळजळ नेमकी कशामुळे?

बोलताना आपण ‘पित्त झाले’ म्हणतो. वैद्यकशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा पाचक रस. छातीतली जळजळ मात्र बहुतेकदा जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लामुळे होते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर चढते. जठराच्या आतल्या थराला आम्लापासून संरक्षण असते, अन्ननलिकेला तेवढे नसते. औषधे आम्ल कमी करतात, झडप दुरुस्त करत नाहीत. म्हणूनच गोळी थांबवल्यावर अनेकांचा त्रास परततो.

औषधांत फरक काय?

पहिला प्रकार अँटासिडचा. डायजीन, जेल्युसिल, इनो यांसारखी औषधे तयार झालेले आम्ल तिथेच निष्प्रभ करतात. आराम काही मिनिटांत मिळतो, पण फार टिकत नाही. इनोमध्ये सोडियम असल्याने रक्तदाबाच्या रुग्णांनी सवय लावून घेऊ नये.

दुसरा प्रकार एच-टू ब्लॉकर, उदाहरणार्थ फॅमोटिडीन. आम्ल तयार करण्याचा हिस्टामिनचा संदेश ही औषधे अडवतात. रोज घेत राहिल्यास त्यांचा परिणाम हळूहळू कमी होतो.

तिसरा आणि सर्वांत प्रभावी प्रकार प्रोटॉन पंप इन्हिबिटर, म्हणजेच पीपीआय. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल, राबेप्रॅझोल यात येतात. जठराच्या पेशींतील आम्ल सोडणारे ‘पंप’ ही औषधे बंद करतात. जेवणामुळे पंप चालू होतात आणि चालू पंपालाच औषध चिकटते. त्यामुळे गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात. जळजळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी लगेच आराम देत नाही, ती यामुळेच.

नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ असेल, तर त्यात बहुधा डॉम्पेरिडोन हे दुसरे औषधही असते. हृदयाच्या ठोक्यांवरील परिणामांमुळे युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये त्याचा वापर मळमळ आणि उलटीपुरता, तोही थोड्या दिवसांसाठी मर्यादित केला.

रॅनिटिडीनचे काय झाले?

एकेकाळी घराघरांत असलेल्या या एच-टू ब्लॉकरमध्ये एनडीएमए हा संभाव्य कर्करोगकारक घटक आढळला. साठवणुकीचा काळ आणि तापमान वाढले की त्याचे प्रमाण वाढते, असेही दिसले. अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल २०२० मध्ये हे औषध बाजारातून काढायला सांगितले. भारतात त्यावर बंदी आली नाही, पण सप्टेंबर २०२२ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळले गेले.

रोजच्या गोळीचा धोका किती?

भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१९ मध्ये पीपीआयच्या माहितीपत्रकात मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याच्या शक्यतेचा उल्लेख करण्यास सांगितले. एफडीएने २०१० ते २०१२ दरम्यान हाडे मोडणे, रक्तातील मॅग्नेशियम घटणे आणि आतड्यांचा संसर्ग याबाबत इशारे दिले. अन्नातील ब-१२ जीवनसत्त्व मोकळे व्हायला आम्ल लागते. आधीच ब-१२ कमी असण्याची शक्यता असलेल्या शाकाहारींसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

मात्र यातील बरेच निष्कर्ष निरीक्षणांवर आधारित आहेत. संबंध दिसला म्हणजे गोळीच कारण आहे, असे सिद्ध होत नाही. व्यक्तीमागे धोका कमी आहे, पण गरज नसताना तो का घ्यायचा, हा प्रश्न उरतोच.

मग आजच बंद करायची का?

नाही. अन्ननलिकेला गंभीर जखमा असलेल्यांना किंवा अ‍ॅस्पिरिन, वेदनाशामकांमुळे रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना ती दीर्घकाळ लागू शकते. इतरांनीही एकदम थांबवली, तर दबलेले आम्ल काही काळ जास्तच तयार होते. जळजळ वाढते, ‘गोळीशिवाय जमत नाही’ असे वाटते आणि चक्र पुन्हा सुरू होते. म्हणून डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू कमी करतात.

अमेरिकेत चिठ्ठीविना मिळणाऱ्या पीपीआयच्या वेष्टनावर १४ दिवसांचा कोर्स आणि दोन कोर्समध्ये चार महिन्यांचे अंतर अशी मर्यादा छापलेली असते. आपल्याकडे ही औषधे चिठ्ठीवर विकायची आहेत, पण दुकानात नाव सांगितले तरी स्ट्रिप हातात पडते. चिठ्ठीच नसेल, तर ‘किती दिवस’ हेही कुठे लिहिलेले नसते.

वजन कमी करणे, रात्रीचे जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकणे, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणे यांनी गोळीची गरज कमी होऊ शकते.

थांबू नये अशी लक्षणे

गिळताना अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शौच ही लक्षणे असतील, तर एंडोस्कोपीची गरज पडू शकते. छातीतल्या दुखण्यासोबत घाम, धाप किंवा हात-जबड्यात कळ असेल, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून अँटासिड घेऊन वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.

घरात कोणाची गोळी कित्येक महिने सुरू असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढेच विचारा : ही कशासाठी आहे आणि कधी थांबवायची?