ॲड-ऑन कार्ड : खर्च दोघांचा, कर्ज कोणाचे?



“बँकेचा फोन आला होता. म्हणतात, तुमच्या कार्डावर बेगमसाहेबांसाठी आणखी एक कार्ड फुकट देतो. घ्यावे का?” हा प्रश्न या सदराकडे अधूनमधून निरनिराळ्या शब्दांत येतो. काही भगिनी तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारतात : “यांनी माझ्या नावाचे कार्ड आणून दिले आहे. मग आता हे कार्ड माझे झाले का?” दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून या महिन्यात हाच विषय घेऊ.

पतीच्या क्रेडिट कार्डाला जोडून पत्नीला जे दुसरे कार्ड मिळते त्याला बँका ॲड-ऑन किंवा सप्लिमेंटरी कार्ड म्हणतात. वय १८ पूर्ण असलेल्या जवळच्या नातेवाइकाला ते मिळू शकते. बहुतेक घरांत ते पत्नीसाठी घेतले जाते. कार्डावर नाव तिचे छापलेले असते. पण खाते पतीचे, खर्चाची मर्यादा पतीची आणि महिन्याचे बिलही पतीच्याच नावावर. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांविषयी जे निर्देश काढले, त्यांत ही गोष्ट स्पष्ट आहे : मूळ कार्डधारकाने ज्याचे नाव दिले त्यालाच ॲड-ऑन कार्ड द्यावे, आणि त्यावरील देण्याची जबाबदारी मूळ कार्डधारकाची राहील. पत्नी कमावती असेल आणि मूळ कार्ड तिचे असेल, तर हाच नियम उलट्या बाजूने लागू.

थोडक्यात, घराची दुसरी किल्ली करून दिली म्हणून सातबारा बदलत नाही. किल्ली उपयोगाची असते, पण ती मालकी नव्हे. हा एक फरक मनात पक्का बसला की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

मर्यादा एकच, हात दोन

समजा पतीच्या कार्डाची मर्यादा ८०,००० रुपये आहे. पत्नीला ॲड-ऑन कार्ड मिळाले म्हणजे घरात आणखी ८०,००० आले, असे होत नाही. त्याच ८०,०००मधून दोघांनी खर्च करायचा. पत्नीने ३२,०००चा फ्रिज घेतला, त्याच आठवड्यात पतीने मुलांची ४५,००० रुपये फी भरली. एकमेकांना सांगायचे राहून गेले. आता शिल्लक राहिले ३,०००. रात्री अम्मींना घेऊन दवाखान्यात जावे लागले आणि औषधाच्या दुकानात कार्ड चालेना, तर चूक कुणाचीच नाही. बेरीज कुणी केली नाही एवढेच.

बऱ्याच बँका ॲड-ऑन कार्डाला वेगळी छोटी मर्यादा ठरवू देतात. वरच्या उदाहरणात पत्नीच्या कार्डाला २५,००० आणि बाकीचे पतीकडे, असे आधीच ठरले असते तर गोंधळ झाला नसता. ऑनलाइन खरेदी, परदेशातील वापर, कार्ड टेकवून पैसे देणे या सोयी चालू-बंद करणे किंवा त्यांची मर्यादा ठरवणे बँकेच्या ॲपमधून करता येते. कार्ड हातात आल्या दिवशीच हे करून टाकावे.

‘किमान रक्कम’ नावाचा सापळा

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून हा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाववत नाही. बिलावर दोन आकडे असतात : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. दोघांचा खर्च मिळून बिल ४०,००० आले आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे २,००० भरली. उरले ३८,०००. अनेक कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते. ३८,०००वर ते १,३३० होते. त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे २४० रुपये. म्हणजे २,००० भरले आणि जवळपास १,५७० पुन्हा डोक्यावर चढले. कर्ज कमी झाले अवघे ४३० रुपयांनी! शिवाय जुने बिल पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत; खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते. एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढली तर बिनव्याजी मुदत मिळतच नाही.

एका कार्डावर एक माणूस खर्च करतो तेव्हा बिलाचा अंदाज त्याच्या डोक्यात असतो. दोन माणसे खर्च करतात तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात अर्धेच बिल असते. ॲड-ऑन कार्डाचा खरा धोका उधळपट्टीचा नाही, या अर्ध्या माहितीचा आहे.

व्याजाचा प्रश्न आपल्या घरांत पैशापुरता नसतो. पूर्ण बिल वेळेवर भरले, व्याज द्यावेच लागले नाही, तर कार्ड वापरता येते असे काही उलमा म्हणतात. उशिरा भरल्यास व्याज देण्याचा करारच मान्य करता येत नाही, असे काहींचे मत आहे. मी शिक्षिका आहे, फतवा देणे माझे काम नाही. आपण ज्यांना मानता त्यांना विचारा. पण विचारायचे तर पती-पत्नी दोघांनी मिळून विचारा, कारण दुसरे कार्ड घेतले की व्याज टाळण्याची जबाबदारीही दोघांची होते. आणि मन मानत नसेल तर डेबिट कार्ड आहेच. खात्यात आहे तेवढेच खर्च होते, रात्री झोप लागते.

मेसेज कुणाच्या फोनवर?

ही बाब लहान वाटते, पण घरातली धुसफूस इथूनच सुरू होते. ॲड-ऑन कार्डाने काही घेतले की मेसेज सहसा पतीच्या फोनवर जातो. ती दुकानाच्या काउंटरवर उभी, आणि कामावरून फोन येतो : “आता काय घेतलंस?” ओटीपीही त्यांच्याच फोनवर जात असेल तर ऑनलाइन खरेदीसाठी त्यांना हाक मारावी लागते. ओटीपी कुणाच्या क्रमांकावर येणार हे बँकेगणिक वेगळे असते. कार्ड घेण्याआधी विचारावे आणि शक्य असेल तर पत्नीचा स्वतःचा मोबाइल क्रमांक नोंदवावा.

पतींनाही एक सांगायचे आहे. पत्नी व मुलांचा खर्च ही आपली जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे. अबू सुफियान पुरेसे देत नाहीत अशी तक्रार हजरत हिंद (रजि.) यांनी केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आपल्याला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल इतके घेण्याची परवानगी दिली, हा प्रसंग बुखारी शरीफमध्ये आहे. त्यात दोन्ही बाजू आल्या : घेण्याचा हक्क आणि त्याचे प्रमाण. मग प्रमाण आधी बसून ठरवा आणि प्रत्येक मेसेजला जाब विचारणे सोडून द्या. कार्ड देऊन वर पहारा ठेवायचा असेल तर त्यापेक्षा रोख पैसे दिलेले बरे.

तिची पत कुठे आहे?

आता मुख्य मुद्दा. कर्ज मागायला गेलो की बँक पतगुण पाहते. पूर्वी घेतलेले कर्ज कसे फेडले याच्या नोंदींवरून ते ठरतात. ॲड-ऑन कार्ड दहा वर्षे अगदी काटेकोर वापरले तरी देणे पतीचे, फेडही पतीच्या खात्यातली. या कार्डाने आपली स्वतःची पत तयार होते आहे, या समजुतीवर कोणत्याही भगिनीने विसंबू नये. उद्या शिवणकामाचा व्यवसाय वाढवायला किंवा मुलीच्या शिक्षणासाठी स्वतःच्या नावाने कर्ज मागितले, तर बँकेला तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नसेल.

रत्नागिरी, रायगडकडच्या ज्या घरांत कर्ता पुरुष आखातात आहे, तिथे हे आणखी जाणवते. तिकडच्या बँकेचे ॲड-ऑन कार्ड पत्नी इकडे वापरते. दिरहम किंवा रियालच्या कार्डावर रुपयांत खर्च झाला की चलन बदलण्याचे शुल्क वेगळे लागते. त्यापेक्षा दरमहा तिच्या स्वतःच्या खात्यात पैसे पाठवले तर ते स्वस्त पडते, आणि घर चालवणाऱ्या बाईच्या नावावर काहीतरी हिशेबही उभा राहतो.

आणि एक अवघड गोष्ट. मूळ कार्डधारकाचा इंतेकाल झाला, की बँकेला कळवणे बंधनकारक समजावे. मूळ कार्डाबरोबर ॲड-ऑन कार्डही बंद होते. घरखर्चाचा सारा आधार त्या एका कार्डावर असेल, तर ज्या दिवसांत बाईला बाहेर पडणेही कठीण, नेमक्या त्याच दिवसांत हातातला पैसा थांबतो. थकलेले देणे मयताच्या मालमत्तेतून फेडायचे असते. आपल्याकडे वारसांत वाटणी होण्याआधी कर्ज फेडावे लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. वारसावर जबाबदारी येते ती त्याला मिळालेल्या हिश्श्यापुरती. वसुलीसाठी कुणी दमदाटी करत असेल तर घाबरून दागिने विकू नयेत. घरच्यांना धमकावण्याची किंवा अपमानित करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने कुणालाही दिलेली नाही. बँकेकडे लेखी तक्रार करावी.

तलाक किंवा खुलाच्या प्रसंगीही तेच. पती एका अर्जाने ॲड-ऑन कार्ड बंद करू शकतो. आणि त्याने ते केले नाही, तर त्यावरील खर्च त्याच्याच डोक्यावर राहतो. अशा वेळी कार्ड बंद केल्याची लेखी पोच दोघांकडेही असावी. मूळ क्रेडिट कार्ड बंद करण्याची विनंती आली आणि सर्व देणे फिटलेले असेल, तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केले पाहिजे. नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेला लागतो.

मग करावे काय?

ॲड-ऑन कार्ड वाईट नाही. प्रवासात, अचानक दवाखान्यात, मोठ्या खरेदीत ते उपयोगी पडते. फक्त त्याआधी आणि त्याच्याबरोबर काही गोष्टी व्हाव्यात.

पहिली, पत्नीचे स्वतःचे बँक खाते, स्वतःचे पॅन कार्ड आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक. मेहेरची रक्कम, भिशीचे पैसे, शिवणकामाची वा शिकवणीची कमाई त्याच खात्यात जावी. ते तिचे आहे.

दुसरी, एक संयुक्त खाते, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीचे. त्यात दोन-तीन महिन्यांचा घरखर्च ठेवावा.

तिसरी, वार्षिक शुल्क, वेगळी मर्यादा आणि ओटीपीचा क्रमांक हे तीन प्रश्न बँकेला आधी विचारावेत. ‘फुकट’ हे पहिल्या वर्षापुरते आहे का, तेही पाहावे.

चौथी, बिल आले की दोघांनी एकत्र बसून वाचावे आणि पूर्ण रक्कम भरावी. बँक खात्यातून आपोआप भरणा लावणार असाल तर ‘एकूण देय रक्कम’ हाच पर्याय निवडलेला आहे, याची खात्री करावी.

पाचवी, ओटीपी किंवा पिन कुणालाही सांगू नये. कार्ड हरवले किंवा न केलेला खर्च दिसला तर लगेच बँकेला कळवावे. तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळवणाऱ्याला नियमांचे संरक्षण जास्त मिळते. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर फोन करावा.

कमावती भगिनी असेल तर तिने पतीच्या कार्डाला जोडून घेण्याऐवजी स्वतःच्या नावाचे कार्ड मागावे. आणि आपल्या नावावर काय नोंदले आहे ते पाहायचे असेल, तर सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य देतात.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण कुरआनच्या सर्वांत लांब आयतीत, सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे. परक्याशी व्यवहार करताना आपण ती पाळतो. घरात मात्र “आपलीच तर माणसं” म्हणून सोडून देतो. एक साधी वही घ्या. महिन्याला कुणी किती खर्च करायचा, बिल कोण भरणार, अडचण आली तर पैसा कुठे आहे, एवढे लिहून ठेवा. ती वही कुठे ठेवली आहे, हे मात्र दोघांनाही माहीत असू द्या.