बंद पडद्यासमोर

बँकेच्या नोकरीत ताळेबंदाच्या दोन्ही बाजू पाहण्याची लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. गेल्या महिन्यात घरातील दूरदर्शन संचाचाच ताळेबंद मांडण्याची वेळ आली.

सायंकाळी फिरून परतलो, तेव्हा 86 वर्षांच्या मातोश्री दिवाणखान्यात एकट्याच बसल्या होत्या. समोर 55 इंची संच होता, पण बंद. "आई, टीव्ही का नाही लावलास?" असे विचारले. त्या म्हणाल्या, "कोणी आलं की लावेल. ती दोन रिमोटं मला नाही उमगत." किती वेळ झाला, या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नाही. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात. म्हणजे तास-दीड तास त्या काळ्या काचेसमोर बसून होत्या.

याच मातोश्रींच्या हाती एके काळी संचाची संपूर्ण सत्ता होती. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरील मनोऱ्यामुळे ते कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. भवानी पेठेतील आमच्या वाड्यात कृष्णधवल संच आला 1982 साली. लाकडी पेटी, सरकती दारे आणि दोन गोल बटणे. त्याचा परवाना असे आणि त्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे. चित्र हलू लागले की मी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचो आणि धाकटा भाऊ खिडकीतून "आलं, आलं, गेलं!" असे ओरडायचा. बटण मात्र आईच फिरवायची. 'छायागीत' लागले की वाड्यातील बिऱ्हाडे सतरंजीवर जमत. कोणी कुठे बसायचे हेही तीच ठरवी. 1987 च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी आमच्या पेढीची फळी भाग संपल्यावरच उघडू लागली. रात्री प्रक्षेपण संपे, तेव्हा आई पेटीची दारे ओढून घेई.

पुढे रंगीत संच आले. पगारदारांच्या अशा कर्जांचे कितीतरी अर्ज मी स्वतः जामीनदारासह तपासले. 1991-92 पासून उपग्रह वाहिन्या, नंतर सेट टॉप बॉक्स, आणि आता इंटरनेटवर चालणारा स्मार्ट संच. जमेची बाजू मोठी आहे. संच सडपातळ झाला, पगाराच्या मानाने स्वस्त झाला, आणि हवा तो सामना किंवा प्रवचन हव्या त्या वेळी पाहता येते.

नावेची बाजू त्या सायंकाळी दिसली. नातू त्याच्या खोलीत मोबाइलवर, सूनबाई लॅपटॉपवर, चिरंजीव दुकानात. एका रिमोटने संच चालू करायचा, मग यादीतून नेमकी जागा निवडायची, नंतर दुसऱ्या रिमोटने वाहिनी शोधायची. भलते बटण दाबले गेले की पडद्यावर नुसती निळी पाटी. ती पाटी दोनदा दिसल्यावर आईने रिमोट हाती घेणेच सोडले होते. कोणाला हाक मारायची, तर सारे कामात. 2020 च्या टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखवले गेले, तेव्हा आम्ही सारे एकत्र बसलो होतो. टाळेबंदी उठली आणि पुन्हा ज्याचा त्याचा पडदा झाला.

आता नातवाने दोन्ही रिमोटवरील लागणाऱ्या बटणांवर लाल चिकटपट्टी लावून दिली आहे. शिवाय साडेसात ते आठ घरातील एकाने आजींजवळ बसायचे, असा नियम केला आहे. परवा नातवाची पाळी होती. मी डोकावलो, तर मालिका चालू होती, पण लक्ष कोणाचेच नव्हते. आई त्याला अँटेनाची गोष्ट सांगत होती आणि तो विचारत होता, "पण आजी, आजोबा पडले नाहीत ना गच्चीवरून?"

वाचकहो, आपल्या घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला टीव्ही स्वतः लावता येतो का, एवढे आज पाहून घ्यावे. विचारल्यास त्या "येतो" म्हणतील, म्हणून लावून दाखवायला सांगावे.