व्हॉल्व्हचे दिवे कोण वाचणार?

मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसणाऱ्याला स्टार्टरच्या पेटीवरचे लाल, पिवळा, निळा हे तीन दिवे शिकवावे लागत नाहीत. तिन्ही पेटले की तिन्ही फेज हजर. एक विझला की मोटार सुरू करायची नाही, नाहीतर वाइंडिंग जळते. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेडच्या बाजारांतील आपले कारागीर बांधव ही भाषा उस्तादाच्या हाताखाली शिकले. आता ठिबकच्या शेतात बिनतारी व्हॉल्व्ह येऊ लागले आहेत आणि त्यांचे दिवे वेगळे बोलतात. ते शिकण्यात चाललेली चालढकल धंद्याला परवडणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घोटाळा रंगापासूनच सुरू होतो. स्टार्टरवरचा लाल दिवा म्हणजे एक फेज, म्हणजे ठीक. यंत्रांच्या दिव्यांसाठी असलेल्या आयईसी ६००७३ या आंतरराष्ट्रीय मानकात मात्र लाल म्हणजे धोका. निळ्याचा अर्थ तर कंपन्या आपापल्या मर्जीने लावतात: कुठे नेटवर्क शोधत असल्याची खूण, कुठे जोडणी झाल्याची.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दिवा काय सांगत नाही. बॅटरीवरच्या व्हॉल्व्हमध्ये बहुधा लॅचिंग सोलेनॉइड असते. त्याला सतत वीज लागत नाही. क्षणभर झटका दिला की ते उघडते, उलटा झटका दिला की बंद होते. म्हणून दिवाही लुकलुकून विझतो. शेतकऱ्याला वाटते यंत्र मेले; ते बिचारे बॅटरी वाचवत असते. उलट, हिरवा दिवा लुकलुकला म्हणजे पाणी सुरू झाले असेही नाही. हुकूम पोचला, झटका दिला, एवढेच तो सांगतो. डायफ्रामखाली खडा अडकला, फिल्टर तुंबला किंवा मोटारच बंद असली, तर दिव्याला त्याचा पत्ता नसतो. दाब किंवा प्रवाह मोजणारा सेन्सर असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर प्रेशर गेज डोळ्यांनी पाहावे. कपाशीची बोंडे भरत असताना पाण्याची एक पाळी चुकली, तर शेतकरी कंपनीला शोधत जात नाही. तो माल देणाऱ्या दुकानात येतो.

आणखी एक. असे बरेच व्हॉल्व्ह ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या बिनपरवाना लहरींवर शेतातल्या मुख्य पेटीशी बोलतात. सिमकार्ड त्या पेटीत असते. तेव्हा व्हॉल्व्हवर जोडणीचा दिवा ठीक असूनही मोबाईलचा हुकूम जात नसेल, तर आधी पेटीचे सिम व रिचार्ज तपासावे, व्हॉल्व्ह उगाच खोलू नये. पीक उंच वाढले की पानांतल्या ओलाव्याने लहर कमजोर होते. तेव्हा अँटेना वर चढवावा.

दुकानदारांनी माल उचलण्यापूर्वी कंपनीकडे दिव्यांचा मराठी तक्ता मागावा. इंग्रजी पुस्तिका खोक्यातच राहते. तक्ता न मिळाल्यास आपणच लिहून झाकणाच्या आत चिकटवावा, आणि त्यात रंगासोबत किती वेळा लुकलुकतो तेही लिहावे, कारण काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. शेतावर जाऊन दिवा वाचून देण्याची मजुरी संकोच न करता घ्यावी. वाइंडिंगची घेतोच की.