आडनावातील गाव

'वराडकर' हे आडनाव कानी पडताच हा गृहस्थ आपल्याच प्रांताचा असावा, असा भास वऱ्हाडातील वाचकास होणे साहजिक आहे. वस्तुतः हे वराड म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील एक खेडे; आमच्या वाशीमपासून पुष्कळच दूर. परंतु आमच्याकडेही रिसोडकर आहेत, कारंजेकर आहेत, आणि त्यांतील कित्येकांनी ते रिसोड किंवा ते कारंजे डोळ्यांनी पाहिलेलेही नसते. गाव सुटते, आडनाव तेवढे राहते. म्हणून डॉ. लिओ वराडकर यांची हकीकत आमच्या वाचकांस अगदीच परकी वाटू नये.

त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर हे मूळचे मुंबईचे. १९६० नंतरच्या दशकात ते इंग्लंडास गेले. तेथे स्लाव गावी मिरियम नावाच्या आयरिश परिचारिकेशी त्यांचा परिचय झाला व पुढे विवाह झाला. काही काळ लेस्टर, काही काळ हिंदुस्थान, असे करीत १९७३ मध्ये हे जोडपे डब्लिनला स्थायिक झाले. शहराच्या पश्चिमेस ब्लँचर्ड्सटाउन येथे डॉक्टरांनी दवाखाना घातला. लिओ हे तिसरे अपत्य; जन्म १८ जानेवारी १९७९. वडील हिंदू, आई रोमन कॅथलिक, आणि मुले आईच्या धर्मात वाढली. मुलाने वडिलांचाच व्यवसाय घेतला. २००३ मध्ये ट्रिनिटी कॉलेजातून ते डॉक्टर झाले, आणि शिक्षणाचा काही भाग त्यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात पुरा केला.

राजकारणातील त्यांची चढती झपाट्याची होती. २००४ मध्ये ते स्थानिक कौन्सिलवर निवडून आले, २००७ मध्ये पार्लमेंटात गेले, २०११ मध्ये वाहतूकमंत्री व २०१४ मध्ये आरोग्यमंत्री झाले. सहा वर्षांखालील सर्व मुलांस डॉक्टरचा सल्ला विनामूल्य मिळू लागला, तो ते आरोग्यखात्यावर असताना. पुढे समाजकल्याणखाते त्यांच्याकडे आल्यावर, २०१६ च्या सप्टेंबरपासून, बाळाच्या बापास सरकारी भत्त्यासह दोन आठवड्यांची रजा मिळू लागली. (आपल्याकडील बापांस ही रजा मिळाली, तर ते तिचे काय करतील हा प्रश्न आम्ही गृहिणींवर सोपवितो.) याच खात्यात असताना सरकारी मदत लबाडीने घेणाऱ्यांविरुद्ध त्यांनी जाहिरातींची मोहीम काढली, तीत गरिबांविषयी संशय फार आणि कळवळा थोडा, असा आक्षेप आला. तो सर्वस्वी निराधार होता असे आम्हांस वाटत नाही.

२०१७ च्या जूनमध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, ते पंतप्रधान झाले. मराठी आडनावाचा मनुष्य आयर्लंडचा पंतप्रधान, म्हणून आपल्याकडे मोठा हर्ष झाला. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते आईवडिलांसह वराडास आले, तेव्हा गावाने त्यांचे प्रेमाने स्वागत केले. हर्ष योग्यच होता; पण त्यात एक सोयीची निवड होती. पद तेवढे आपले, बाकीचे त्यांचे! ख्रिस्ती सून, चर्चमध्ये जाणारी नातवंडे, आणि आपण समलिंगी आहोत हे त्यांनी मंत्रिपदावर असताना २०१५ च्या जानेवारीत रेडिओवरून देशास मोकळेपणी सांगणे, ही सारी त्याच एका आयुष्याची अंगे होत. मुलाने परजातीची मुलगी पसंत केली एवढ्यावरून ज्या घरात वर्षानुवर्षे बोलणे बंद राहते, त्या घरास दुसऱ्याच्या नातवाचे पेढे वाटण्याचा अधिकार कितपत पोचतो?

शिवाय त्यांस निवडून दिले ते वराडने नव्हे, डब्लिनच्या पश्चिम भागातील मतदारांनी. परप्रांतातून येऊन वाशीमास दवाखाना थाटलेल्या डॉक्टरच्या मुलास आम्ही जिल्हा परिषदेवर तरी पाठवू काय, हे वाचकांनी आपल्या मनाशीच विचारून पाहावे.

आयर्लंडास मात्र ही गोष्ट अगदी नवी नव्हती. ज्यांचे नाव आमच्या आजोबांच्या पिढीस तोंडपाठ होते ते डी व्हॅलेरा यांचा जन्म १८८२ मध्ये न्यूयॉर्कचा, व त्यांचे वडीलही परदेशीच होते. १९१६ च्या एप्रिलमध्ये डब्लिनला उठाव झाला, त्याच महिन्यात लोकमान्यांनी बेळगावास होमरूल संघ स्थापिला. संघाचे नावच आयरिश चळवळीवरून घेतलेले होते, आणि त्याच्या कार्यक्षेत्रात आमचा वऱ्हाडही होता.

त्याच बेळगावची एक लेक पुढे आयर्लंडच्या इतिहासात शिरली, ती फार दुःखद रीतीने. दंतवैद्य सविता हलप्पनवार या २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये गॉलवे येथील रुग्णालयात होत्या. गर्भ टिकणार नाही हे दिसत होते. पण त्याच्या हृदयाचे ठोके चालू असल्यामुळे कायद्याकडे बोट दाखवून तो काढण्यास नकार मिळाला. रक्तात विष भिनून, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. तो कायदा घटनेतूनच काढण्यासाठी २०१८ च्या मे महिन्यात सार्वमत घेतले गेले, तेव्हा वराडकर पंतप्रधान होते. सवितांच्या वडिलांनी बेळगावाहून आयरिश मतदारांस आवाहन केले, आणि शेकडा ६६ मते बदलाच्या बाजूने पडली. वराडकरांच्या कारकीर्दीतील सर्वांत मोठे काम कोणते असे विचारल्यास आम्ही निःशंकपणे हेच सांगू.

२०२२ च्या डिसेंबरात ते दुसऱ्यांदा पंतप्रधान झाले. घरांची भयंकर टंचाई व भाड्यांचा भार यांमुळे तरुण लोक सरकारवर रुष्ट होते, आणि तो रोष त्यांस अखेरपर्यंत शमविता आला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये आणखी एक सार्वमत झाले. डी व्हॅलेरांच्या १९३७ च्या घटनेत, स्त्रीचे घरातील जीवन हा राष्ट्राचा आधार आहे आणि आर्थिक निकडीपायी घरची कर्तव्ये सोडून मातांस बाहेर मजुरी करावी लागू नये, अशा आशयाचे एक कलम आहे. ते काढून त्याच्या जागी कुटुंबातील सर्वांनी परस्परांची घेतलेली काळजी असा शब्द घालावा, अशी सरकारची सूचना होती. नव्या शब्दांत रुग्ण व अपंगांची जबाबदारी सरकार अंगावर घेत नाही, असे पुष्कळांस वाटले, आणि शेकडा ७४ मतांनी ती फेटाळली गेली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, २० मार्च रोजी, वराडकरांनी पद सोडण्याचा निर्णय जाहीर केला. ते जुने कलम मात्र घटनेत तसेच राहिले.