सात काडतुसांचा कायदा

१५ मार्च २०१९. जुम्याचा दिवस. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात अल-नूर मशिदीत इमामसाहेबांचा खुतबा सुरू झाला होता. दुपारचे पावणेदोन वाजत आले होते. माणसे किब्ल्याकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून बसली होती. बंदूक घेऊन आत शिरलेला माणूस साधारण सहा मिनिटांनी तिथून निघाला आणि लिनवूडच्या मशिदीकडे गेला. अल-नूरमध्ये ४४ आणि लिनवूडमध्ये ७, असे एकूण ५१ जीव गेले. त्यांत गुजरात, केरळ आणि तेलंगणाचे पाच भारतीयही होते.

रमजानमध्ये तरावीहसाठी मशिदी भरू लागल्या की जगभर त्या घटनेची आठवण निघते. दारावर कॅमेरे लागतात, तरुण पोरे आळीपाळीने पहारा देतात. द्वेष कसा पेरला जातो, यावर बोलले जाते, आणि ते बोललेच पाहिजे. पण सहा मिनिटांत एकट्या माणसाला एवढे जीव कसे घेता आले, याचे उत्तर द्वेषाच्या चर्चेत सापडत नाही. ते बंदुकीला खालून जोडलेल्या एका लहानशा पेटीत आणि त्या पेटीविषयीच्या कायद्यात आहे.

या पेटीला मॅगझिन म्हणतात. मराठी वाचकाला मॅगझिन म्हटले की दिवाळी अंक आठवणार, आणि त्यात चूक काहीच नाही. दोन्ही अर्थांचे मूळ एकच, अरबीतला ‘मखजन’, म्हणजे साठवणीची जागा, कोठार. मराठीतला खजिनाही त्याच धातूपासून आला. लाहोरहून १९०१ साली निघालेल्या गाजलेल्या उर्दू मासिकाचे नावच ‘मखजन’ होते. एका कोठारात लेख साठवतात, दुसऱ्यात काडतुसे.

सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप जागेवर येते. मॅगझिन रिकामे होईपर्यंत हे चालते. रिकामे झाले की जुने काढायचे, नवे बसवायचे. सराईत हाताला काही सेकंद लागतात, घाबरलेल्या हाताला जास्त. मॅगझिनमध्ये किती काडतुसे असावीत याविषयीचे जगातले सगळे कायदे या काही सेकंदांपुरते आहेत. ती खोळंब्याची वेळ पाच गोळ्यांनंतर यावी, दहानंतर की शंभरानंतर, एवढेच ते ठरवतात.

न्यूझीलंडमध्ये असा कायदा नव्हता असे नाही. १९९० साली आरामोआना या समुद्रकाठच्या छोट्या गावात एका माणसाने १३ जणांना मारले. त्यानंतर १९९२ मध्ये कायदा बदलला. मध्यम आणि मोठ्या काडतुसांच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला सातपर्यंत काडतुसांचे मॅगझिन असेल तर ती साध्या परवान्यावर मिळे. सातपेक्षा मोठे मॅगझिन लावले की तीच रायफल ‘लष्करी धाटणीची’ ठरे आणि तिच्यासाठी वेगळी, कडक परवानगी लागे. कागदावर हे ठीक दिसते. घोटाळा असा की बंधन रायफलीवर होते, मॅगझिनवर नव्हते. मोठे मॅगझिन विकत घ्यायला परवानाच लागत नसे. दुकानातून आणा, घरबसल्या मागवा, कोणी विचारणार नाही. रिक्षाचे परमिट तीन प्रवाशांचे द्यायचे आणि मागे जोडायचा जादा डबा मात्र बाजारात खुला विकायचा, असा हा प्रकार होता. डबा जोडणे गुन्हा, विकणे आणि घेणे गुन्हा नाही.

क्राइस्टचर्चचा हल्लेखोर ऑगस्ट २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाहून तिथे राहायला आला. नोव्हेंबरात त्याला साधा परवाना मिळाला. त्याने रायफली कायदेशीर घेतल्या, मोठी मॅगझिनही कायद्याला न अडखळता घेतली. बेकायदा ठरली ती फक्त शेवटची पायरी, एक दुसऱ्याला जोडण्याची, आणि ती घराच्या चार भिंतींत होते. याच देशाच्या संसदीय समितीने २०१७ सालीच बंदुकांच्या कायद्याचा आढावा घेऊन २० शिफारशी केल्या होत्या. त्यातल्या बहुतेक तेव्हाच्या सरकारने स्वीकारल्या नाहीत. ही फट कोणाला ठाऊकच नव्हती, असे म्हणायची सोय त्यामुळे उरत नाही.

नंतर मात्र हालचाल वेगाने झाली. पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी सहाव्या दिवशी बंदी जाहीर केली. १० एप्रिलला संसदेने ११९ विरुद्ध १ मताने कायदा मंजूर केला. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुका बाद झाल्या. शेतकऱ्यांना ससे-पोसम मारायला लागणाऱ्या पॉइंट टू-टू रायफलीला दहा काडतुसांची आणि शॉटगनला पाचांची मर्यादा आली. कायद्याच्या नावातच बंदुकांच्या जोडीला ‘मॅगझिन आणि सुटे भाग’ हे शब्द आले. २७ वर्षांची चूक त्या शब्दांत कबूल केलेली आहे. जुलै ते डिसेंबर २०१९ या काळात सरकारने पैसे देऊन ५६ हजारांहून अधिक बंदुका आणि १ लाख ८८ हजारांहून अधिक सुटे भाग परत घेतले.

काडतुसे मोजून माणसे वाचतात का, हा प्रश्न विरोधक विचारतात आणि तो रास्त आहे. लिनवूडच्या मशिदीत काय झाले ते पाहावे. हल्लेखोराच्या हातातली बंदूक रिकामी झाली, तो दुसरी आणायला गाडीकडे गेला. तेवढ्यात अब्दुल अजीज नावाचे मूळचे अफगाण गृहस्थ कार्डाने पैसे घेण्याचे यंत्र हातात घेऊन त्याच्या अंगावर धावून गेले. त्याने टाकून दिलेली रिकामी बंदूक त्यांनी उचलली आणि शेवटी त्याच्याच गाडीच्या काचेवर भाल्यासारखी फेकली. तो पळाला. अल-नूरमध्ये नईम रशीद निःशस्त्र त्याच्यावर झेपावले होते, ते शहीद झाले. २०२२ मध्ये दोघांनाही ‘न्यूझीलंड क्रॉस’ हा तिथला शौर्याचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, रशीद यांना मरणोत्तर. धाडस दोघांचेही सारखेच होते. अजीज यांच्या वाट्याला समोरच्याची बंदूक रिकामी असण्याचा क्षण आला.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये ८ जानेवारी २०११ रोजी खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या सभेत गोळीबार झाला. पिस्तुलात ३३ काडतुसांचे मॅगझिन होते. सहा जण गेले. मॅगझिन संपून हल्लेखोर दुसरे बसवू लागला तेव्हा लोकांनी त्याला खाली पाडले आणि ६१ वर्षांच्या एका बाईंनी ते नवे मॅगझिन धरून ठेवले. तेहतीसऐवजी दहा काडतुसे असती तर हा क्षण तेवीस गोळ्या आधी आला असता.

याची दुसरी बाजू कॅनडात दिसते. १९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १४ महिलांची हत्या झाली. त्यानंतर तिथे सेमी-ऑटोमॅटिक रायफलीला पाच आणि पिस्तुलाला दहा काडतुसांची मर्यादा आली. तरीही २९ जानेवारी २०१७ च्या रात्री क्यूबेक शहरातल्या मशिदीत इशाच्या नमाजीनंतर सहा जण मारले गेले. हल्लेखोराची रायफल अडकली म्हणून त्याने पिस्तूल काढले. मॅगझिन दहाचीच होती, पण ती एकापेक्षा जास्त होती, आणि ४८ गोळ्या सुटल्या. मर्यादा माणूस मारणे थांबवत नाही, याचा यापेक्षा कडू पुरावा नसेल. मात्र रायफल अडकली नसती तर काय झाले असते, या विचाराने त्या शहरातल्या नमाजींच्या अंगावर आजही काटा येत असेल.

युरोपची वाट वेगळी. पॅरिसच्या २०१५ च्या हल्ल्यांनंतर युरोपीय संघाने २०१७ मध्ये नियम घट्ट केले. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाला वीसहून आणि लांब बंदुकीला दहाहून अधिक काडतुसांचे मॅगझिन लावले की ती सर्वसाधारण नागरिकाला बंद. चेक प्रजासत्ताक याविरुद्ध युरोपच्या न्यायालयात गेले आणि हरले. स्वित्झर्लंड संघाचा सभासद नसूनही शेंगेन करारामुळे त्यालाही हे मान्य करायचे होते. घराघरांत लष्करी रायफल असलेला तो देश. तिथे थेट जनतेचे मत घेतले गेले. १९ मे २०१९ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या रमजानमध्येच, जवळपास ६४ टक्के मतदारांनी होकार दिला. ब्रिटनमध्ये नेहमीच्या शॉटगन परवान्यावर मॅगझिनमध्ये दोनच काडतुसे चालतात. भारतात बंदुकीच्या परवान्यावरच काडतुसांची संख्या लिहिलेली असते, तो हिशोब निराळा.

एका देशाने दार लावून भागत नाही, हे नॉर्वेने पाहिले आहे. २२ जुलै २०११ रोजी उतोया बेटावर ६९ जणांना मारणाऱ्याने तीस काडतुसांची मॅगझिन अमेरिकेतून टपालाने मागवली होती. रायफलीसाठी परवाना, चौकशी, सगळे सोपस्कार झाले. मॅगझिन पाकिटातून घरी आले.

अमेरिकेने स्वतःही एकदा प्रयत्न केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने दहाहून अधिक काडतुसांची नवी मॅगझिन बंद केली, पण आधी बनलेल्यांना हात लावला नाही. दुकानांत जुना माल विकत राहिला. कायद्याला दहाच वर्षांची मुदत होती, २००४ मध्ये ती संपली आणि कोणी वाढवली नाही. आज काही राज्यांत दहाची मर्यादा आहे, कोलोराडोत पंधरा, डेलावेअरमध्ये सतरा आणि अनेक राज्यांत काहीच नाही. न्यूयॉर्कने २०१३ मध्ये मॅगझिन दहाचे असले तरी त्यात सातच काडतुसे भरा, असा नियम केला. न्यायालयाने तो रद्द केला, आणि बरेच झाले. पेटीत आठवे काडतूस भरले की नाही, हे पोलीस बघणार कसे? कॅलिफोर्नियाची दहाची बंदी मात्र मार्च २०२५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कायम ठेवली.

तिथला मुख्य आक्षेप स्वसंरक्षणाचा आहे. रात्री घरात तीन दरोडेखोर शिरले तर दहा गोळ्या पुरतील का, असे विचारतात. ज्या बाईने एकटीने रात्र काढली आहे, तिचा हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. पण घरात शिरलेल्याला हुसकावण्यासाठी शंभर काडतुसांचे मॅगझिन लागत नाही. ते लास व्हेगासच्या हॉटेलच्या खिडकीतून हजारांवर गोळ्या झाडणाऱ्याला लागले होते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. मॅगझिन म्हणजे पत्रा, प्लास्टिक आणि एक स्प्रिंग. त्यावर क्रमांक नाही, ते दशकानुदशके टिकते. बंदी आली की प्रामाणिक माणूस परत करतो, बाकीचे माळ्यावर ठेवतात. हे खरेच आहे. म्हणूनच केवळ ‘आजपासून विकू नका’ म्हणणारा कायदा अमेरिकेच्या १९९४ च्या वाटेने जातो. बाळगण्यावर बंदी, परत घेण्यासाठी पैसे आणि बंदुकीइतकीच मॅगझिनलाही परवान्याची अट, ही तिन्ही बरोबर असली तरच आकड्याला अर्थ राहतो. आकडा पाचचा की दहाचा, यावर तज्ज्ञ वाद घालोत. न्यूझीलंडचा आकडा तर सातचा, कॅलिफोर्नियाहून कडक होता.

त्या देशात जून २०२३ पासून बंदुकांची नोंदवही सुरू झाली आहे. कोणाच्या घरी कोणती बंदूक आहे, याची नोंद करायला परवानाधारकांना ऑगस्ट २०२८ पर्यंत मुदत आहे.