विश्लेषण : ‘नो कॉस्ट ईएमआय’मधले व्याज नेमके कोण भरते?

दसरा-दिवाळी जवळ आली की मोबाइल, टीव्ही, फ्रिज आणि लॅपटॉपच्या जाहिरातींत किंमत बारीक अक्षरांत आणि मासिक हप्ता ठळक अक्षरांत दिसू लागतो. क्रेडिट कार्ड असेल तर कागदपत्रे लागत नाहीत, जामीनदार लागत नाही. ओटीपी टाकला की वस्तू घरी येते आणि हप्ता पुढच्या बिलात. वर ‘व्याज शून्य’ असे आश्वासनही असते. पण बँक सहा-सहा महिने पैसे फुकट वापरू देत नाही. मग हे व्याज जाते कुठे, आणि अशी खरेदी केव्हा फायद्याची ठरते?

बँक खरेच व्याज घेत नाही का?

घेते. क्रेडिट कार्डावरील खरेदी हप्त्यांत बदलली की बँकेच्या लेखी ते कर्ज असते आणि त्यावर नेहमीच्या दराने व्याज लागते. ‘नो कॉस्ट’ योजनेत फक्त एवढेच होते की, जितके व्याज होणार तितकी सवलत वस्तूच्या किमतीत आधीच दिली जाते.

उदाहरण घेऊ. मोबाइलची किंमत ६० हजार रुपये, मुदत सहा महिने आणि बँकेचा व्याजदर वर्षाला १५ टक्के. अशा वेळी विक्रेता सुमारे २,५४० रुपयांची सवलत देतो. बँक ५७,४६० रुपयांचे कर्ज नोंदवते आणि सहा महिन्यांत त्यावर तेवढेच, म्हणजे २,५४० रुपये व्याज लावते. ग्राहक दहा-दहा हजारांचे सहा हप्ते भरतो. बेरीज ६० हजारच होते, म्हणून त्याला व्याज दिसत नाही. काही दुकानांत ही सवलत लगेच मिळत नाही, ती नंतर कॅशबॅकच्या रूपाने कार्डावर जमा होते. ती जमा झाली की नाही, हे ग्राहकालाच पाहावे लागते.

सवलतीचा भार कोण उचलतो?

बहुतेक वेळा वस्तू बनवणारी कंपनी, काही वेळा विक्रेता किंवा ऑनलाइन बाजारपेठ, तर काही वेळा हे सगळे मिळून. जाहिरातीवर खर्च करावा तसाच हा विक्रीचा खर्च असतो. ६० हजारांचा आकडा ऐकून मागे फिरणारा ग्राहक १० हजारांच्या हप्त्याला तयार होतो, अनेकदा ठरवले होते त्याहून महागडे मॉडेलही घेतो. कंपनीचा खर्च तिथेच वसूल होतो. दुकानांत हप्त्यांवर वस्तू विकण्याची पद्धत पुण्यात मुख्यालय असलेल्या बजाज फायनान्ससारख्या वित्तसंस्थांनी देशभर रुजवली. क्रेडिट कार्डांनी तीच सोय मोबाइलच्या पडद्यावर आणली.

मग ‘नो कॉस्ट’ असूनही बिलात जादा पैसे का येतात?

कारण सवलत फक्त व्याजाची असते. बँका क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांतील व्याजावर १८ टक्के जीएसटी आकारतात आणि तो ग्राहकाकडूनच घेतला जातो. वरच्या उदाहरणात २,५४० रुपये व्याजावर सुमारे ४५७ रुपये कर होतो. शिवाय अनेक बँका प्रक्रिया शुल्क लावतात. ते १९९ रुपये धरले तर त्यावरील जीएसटीसह २३५ रुपये होतात. म्हणजे ‘शून्य’ खर्चाच्या खरेदीत सुमारे ६९२ रुपये जादा गेले. हप्त्यांवरील खरेदीला अनेक कार्डांवर रिवॉर्ड पॉइंटही मिळत नाहीत.

तरीही हा खर्च फार नाही. वार्षिक दरात मांडला तर तो साधारण ४ टक्के पडतो, म्हणजे कोणत्याही वैयक्तिक कर्जापेक्षा कितीतरी स्वस्त. मात्र हे गणित एका अटीवर खरे आहे : एकरकमी पैसे देणाऱ्यालाही तो मोबाइल ६० हजारांनाच मिळत असला पाहिजे.

आणि तो स्वस्त मिळत असेल तर?

योजनेची खरी कसोटी इथेच लागते. समजा, पूर्ण रक्कम एकदम भरणाऱ्याला तीन हजार रुपयांची सूट आहे, पण हप्ते निवडले की ती मिळत नाही. म्हणजे मोबाइलची खरी किंमत आहे ५७ हजार आणि हप्तेवाला एकूण देणार ६०,६९२ रुपये. फरक ३,६९२ रुपयांचा. उधारी सहा महिन्यांची असली तरी दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते, हे लक्षात घेतले तर हा खर्च वर्षाला सुमारे २२ टक्के दराचा होतो. जाहिरातीत ‘शून्य’ लिहिलेले कर्ज प्रत्यक्षात अनेक वैयक्तिक कर्जांपेक्षा महाग पडते. याउलट काही विक्री महोत्सवांत हप्ते निवडणाऱ्यालाच जास्त सूट असते; तेव्हा फायदा ग्राहकाच्या पदरात पडतो. म्हणून ‘व्याज किती’ यापेक्षा ‘आज सगळे पैसे दिले तर किती’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

रिझर्व्ह बँकेची भूमिका काय?

सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की, शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही आणि अशा योजनांत व्याज अनेकदा प्रक्रिया शुल्काच्या आडून ग्राहकाकडूनच वसूल केले जाते. त्यानंतर बाजारात ‘झिरो पर्सेंट’ची जागा हळूहळू ‘नो कॉस्ट’ या शब्दांनी घेतली.

एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या क्रेडिट व डेबिट कार्डांच्या निर्देशांत नियम आणखी स्पष्ट झाला. खरेदीचे हप्त्यांत रूपांतर करण्याआधी मुद्दल किती, व्याज किती आणि ते शून्य करण्यासाठी बँकेने वा विक्रेत्याने दिलेली सवलत किती, हे ग्राहकाला सांगितलेच पाहिजे. मासिक विवरणातही ते वेगळे दाखवले पाहिजे. ज्यात व्याज आहे अशी योजना ‘नो कॉस्ट’च्या नावाखाली दडवता येत नाही.

एक उणीव मात्र राहिली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी सर्व शुल्कांसह एकूण वार्षिक दर सांगणारे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक झाले, पण क्रेडिट कार्डाच्या येण्याला त्यातून वगळले आहे. त्यामुळे मोबाइल घेणाऱ्याला मुद्दल, व्याज, सवलत यांचे तुकडे दिसतात. ते जोडून येणारा एकच खरा दर दिसत नाही. क्रेडिट कार्डावरील हप्त्यांनाही हा नियम लागू करणे अवघड नाही आणि ते व्हायला हवे. ज्या योजनेत खर्च खरोखरच नाममात्र आहे, तिला तो दर छापायची भीती वाटण्याचे कारण नाही.

हप्ता चुकला किंवा बिल अर्धेच भरले तर?

सर्वांत मोठा धोका इथेच आहे. हप्ता हा कार्डाच्या मासिक बिलाचा भाग असतो. बिल पूर्ण भरले नाही तर शिल्लक रकमेवर कार्डाचा नेहमीचा दर लागू होतो. अनेक कार्डांवर तो महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४२ टक्के असतो. नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही तेव्हा थांबते. समजा, १० हजारांचा हप्ता भरला, पण किराणा, पेट्रोल आणि इतर खर्चाचे १५ हजार रुपये पुढच्या महिन्यावर ढकलले. त्यावर महिन्याला ५२५ रुपये व्याज आणि जीएसटी धरून सुमारे ६२० रुपये जातात. पूर्ण सहा महिन्यांच्या योजनेचा जादा खर्च ६९२ रुपये होता. तेवढा फटका इथे जवळपास एका महिन्यात बसतो.

या दरांना न्यायालयीन मर्यादाही राहिलेली नाही. वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ मधील निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला.

वस्तू परत केली किंवा कर्ज आधीच फेडले तर?

वस्तू परत केल्यावर पैसे कार्डावर जमा होतात, पण हप्ते आपोआप थांबतीलच असे नाही. ते रद्द झाल्याची खात्री बँकेकडून करून घ्यावी लागते. प्रक्रिया शुल्क आणि तोवर आकारलेला कर बहुधा परत मिळत नाही. मुदतीआधी कर्ज फेडल्यास अनेक बँका शिल्लक मुद्दलाच्या ठरावीक टक्केवारीने शुल्क घेतात. शिवाय सुरुवातीला खरेदीची पूर्ण रक्कम कार्डाच्या मर्यादेतून अडकते आणि हप्ते भरले जातील तशी मोकळी होते. ७५ हजारांच्या मर्यादेतले ६० हजार मोबाइलने व्यापले तर अचानक दवाखान्याचा खर्च आला की कार्ड असून नसल्यासारखे होते.

मग हप्त्यांवर घ्यावे की नाही?

रोखीची आणि हप्त्यांची किंमत सारखी असेल, शुल्क किरकोळ असेल आणि दरमहा संपूर्ण बिल भरण्याची सवय असेल, तर ‘नो कॉस्ट ईएमआय’ ही चांगली सोय आहे. मागील बिलाची थकबाकी आधीच डोक्यावर असेल, तर तीच सोय गळ्याशी येते. पैसे देण्याआधी पडद्यावरचे मुद्दल, व्याज आणि सवलतीचे आकडे वाचावेत, स्क्रीनशॉट काढून ठेवावा आणि पहिल्या बिलाशी ताडून पाहावा. फरक आढळल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते; माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. दुकानदाराने सवलत नाकारली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.